बिघडलेला जम्प शॉट कुठून दुरुस्त करायचा

बास्केटबॉलच्या सरावाला आलेला पंधरा वर्षांचा गार्ड (बॉल पुढे नेणारा, लांबून मारणारा खेळाडू) बघा. बॅग ठेवली, नाड्या आवळल्या की तो थेट थ्री पॉइंट लाइनवर जातो, म्हणजे जिच्या बाहेरून बास्केटला तीन गुण मिळतात त्या लांबच्या रेघेवर. एवढ्या लांबून बॉल पोचवण्याची ताकद अजून अंगात नसते, मग बॉल कमरेजवळून निघतो, दोन्ही हातांनी ढकलला जातो आणि अंग एका बाजूला मुरडतं. चार शॉट चुकतात, पाचवा बोर्डाला लागून कसाबसा आत पडतो, आणि त्या एका बास्केटमुळे ती पद्धत हातात पक्की बसते. कडेला उभे असलेले ओरडत असतात: "कोपर आत घे!", "पाय वाकव!", "फॉलो थ्रू धर!" (म्हणजे बॉल सुटल्यावरही हात वरच राहू दे). पोरगं एकाच शॉटमध्ये तिन्ही पाळायला जातं आणि एअरबॉल पडतो, म्हणजे बॉल रिंगला किंवा बोर्डाला न लागताच खाली येतो.

सूचना तिन्ही बरोबर आहेत, घोटाळा क्रमाचा आहे. वर दिसणारा दोष बरेचदा खालच्या दोषाची भरपाई असतो. पायातून जोर येत नाही म्हणून दुसरा हात मदतीला धावतो, तो ढकलतो म्हणून बॉल वाकडा जातो. अशा वेळी दुसऱ्या हातावर कितीही काम केलं तरी सामन्यात थकवा आला की तो पुन्हा ढकलणारच. म्हणून खालून वर जायचं, जवळून लांब जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट हातात घ्यायची. पुढे सगळीकडे उजव्या हाताचा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी वाचावी.

## सुरू करण्याआधी

वेळ निवडा. स्पर्धा तोंडावर असताना शॉट उघडून बसू नका. सुरुवातीचे काही आठवडे आधीपेक्षा कमी बास्केट पडतील, हे ठरलेलंच आहे. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये लांबच्या शॉटसाठी गाजलेल्या स्टीफन करीनं शाळेत असताना सुट्टीत वडील डेल करी यांच्यासोबत बॉल सोडण्याची जागा कमरेजवळून वर डोक्यापाशी नेली, तेव्हा कित्येक आठवडे त्याला लांबून शॉट मारताच येत नव्हता. तुमचंही तसंच होईल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बॉल आणि रिंग वयाला साजेशी घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ५ नंबरचा बॉल आणि २.६० मीटर उंचीची रिंग असते. त्यानंतर मुलींना ६ नंबर, मुलांना ७ नंबर आणि रिंग ३.०५ मीटरवर. अकरा वर्षांच्या पोराच्या हातात ७ नंबरचा बॉल दिलात तर त्याला तो दोन हातांनीच फेकावा लागेल. तो दोष त्याचा नाही. रिंग खाली घेता येत नसेल तर पोराला रिंगच्या जवळ आणा.

व्हिडिओ काढा. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून दोन बाजूंनी: एकदा रिंगखालून समोरून, एकदा उजवीकडून. स्लो मोशन असेल तर उत्तम. साधारण ३ मीटरवरून २० शॉट आणि १० फ्री थ्रो (फाउलनंतर ठरलेल्या रेघेवरून मिळणारा मोकळा शॉट), नेहमी मारता तसेच मारा. कॅमेरा लावला की सगळेच शहाण्यासारखे मारायला लागतात, म्हणून पहिले पाच बघूच नका.

चुका लिहून ठेवा. वही घ्या आणि चुकलेल्या प्रत्येक शॉटपुढे एकच शब्द लिहा: डावा, उजवा, आखूड किंवा लांब. किती आत गेले हा आकडा सध्या बिनकामाचा आहे. डावे-उजवे चुकत असतील तर दोष दिशेचा: पकड, दुसरा हात, बॉल वर येण्याचा मार्ग. आखूड पडत असतील तर दोष पायांचा किंवा वेळेचा. दोन्ही असतील तर आधी दिशा सुधारा. सरळ रेषेतला आखूड शॉट ही फार छोटी अडचण आहे.

> सावधान: बॉल डोक्यावर नेताना खांदा दुखतो, हात बधिर होतो किंवा बोटांना मुंग्या येतात का? तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. २०१७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तिथे) पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या मार्केल फुल्ट्झचा शॉट अचानक बिघडला, तेव्हा अनेकांनी ते मनाचे खेळ ठरवले. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दबण्याच्या विकाराचं.

## टप्पा १: पाय

पाय खांद्याएवढे लांब ठेवा. उजवा पाय अर्ध्या बुटाइतका पुढे. वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. गुडघे थोडे वाकलेले. उठाबशा काढायच्या नाहीत.

"दोन्ही पायांची बोटं रिंगकडे सरळ" हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. माझं मत वेगळं आहे. तसं उभं राहिलं की बऱ्याच जणांचा उजवा खांदा मागे अडकतो आणि कोपर बाहेर फेकलं जातं. घड्याळाच्या बाराला रिंग आहे असं धरा आणि दोन्ही पाय अकराच्या दिशेला वळवून बघा. उजवा खांदा, कमर आणि रिंग आपोआप एका ओळीत येतात. किती वळायचं हे ज्याच्या त्याच्या अंगावर आहे, पण दर वेळी तेवढंच वळायचं.

नेहमीची चूक अशी: बॉल हातात आल्यावर गुडघे वाकतात. तोवर डिफेंडर अंगावर आलेला असतो, मग वाकणं अर्धवट राहतं आणि सगळा भार हातांवर पडतो. पास हवेत असतानाच गुडघे वाकलेले हवेत.

> तपासणी: बॉल न घेता दहा उड्या मारा आणि कुठे उतरता ते बघा. जिथून उडालात तिथेच, फार तर वीतभर पुढे. मागे किंवा बाजूला उतरत असाल तर हा टप्पा संपलेला नाही.

## टप्पा २: पकड

बॉल बोटांच्या पेरांवर असावा. तळहाताच्या मधोमध, बॉलखालून एखादं बोट सरकेल इतकी पोकळी राहिली पाहिजे. बोटं पसरलेली, पण ताणलेली नकोत. मनगट इतकं मागे की त्यावर सुरकुत्या दिसाव्यात.

बॉलचा मध्य सापडत नसेल तर हवा भरायचं छिद्र शोधा आणि तर्जनी त्याच्यावर ठेवा. काहींना तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही बाजूंना ठेवून छिद्र मध्ये घेतलेलं जास्त जमतं. दोन्ही चालतं. सरावात आठवडाभर प्रत्येक शॉटआधी हे करा; सामन्यात कोणी छिद्र शोधत बसत नाही, तोवर हाताला मध्य कळलेला असतो.

डावा हात बॉलच्या कडेला, पुस्तक कपाटात उभं धरावं तसा. त्याचा अंगठा वर, तुमच्या चेहऱ्याकडे. अंगठा बॉलच्या मागे गेला की तो ढकलणारच.

> तपासणी: बॉल कपाळासमोर धरा आणि डावा हात काढून घ्या. तीन सेकंद बॉल उजव्या हातावर राहिला पाहिजे. पडत असेल तर तो आतापर्यंत डाव्या हाताच्या जिवावर तोलला जात होता.

## टप्पा ३: बॉल वर येण्याचा मार्ग

डावे-उजवे चुकणारे बहुतेक शॉट इथे बिघडतात, म्हणून इथे घाई नको.

बॉल पोटासमोरून निघून उजव्या भुवईच्या वर पोचायचा आहे. समोरून काढलेल्या व्हिडिओत ही वाट उभी रेघ दिसायला हवी. डाव्या कमरेपासून निघून चेहऱ्यासमोरून उजवीकडे येणारी तिरकी रेघ दिसली, तर बॉल सोडण्याच्या क्षणीही तो बाजूला सरकत असतो आणि मनगटाला ती सरक रद्द करावी लागते. एखाद्या दिवशी ते जमतं. दुसऱ्या दिवशी तोच खेळाडू "आज हात चालत नाही" म्हणतो.

लोन्झो बॉल (हे त्याचं आडनाव) हा एनबीएतला उजव्या हाताचा गार्ड, पण चेंडू डाव्या बाजूला नेऊन सोडायचा. कॉलेजमध्ये ते खपून गेलं. एनबीएच्या पहिल्या मोसमात मात्र त्याचे फ्री थ्रो जेमतेम ४५ टक्के पडले. पुढे त्यानं बॉल उजवीकडे आणला, सगळी पद्धत नव्यानं बसवली, आणि २०२०-२१ च्या मोसमात हाच आकडा ७८ टक्क्यांवर गेला. फ्री थ्रोला समोर डिफेंडर नसतो, त्यामुळे शॉटची पद्धत सुधारली की नाही हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं.

आता कोपराबद्दल. "कोपर आत" या सूचनेनं जितके शॉट सुधारले तितकेच बिघडले असावेत. पोरं कोपर जबरदस्तीनं बरगडीला चिकटवतात, मनगट बाहेर फिरतं, बॉलला वाकडी फिरकी लागते. खांद्याची ठेवण प्रत्येकाची निराळी. कोणाचं कोपर जरासं बाहेर राहणारच. बघायचं ते एवढंच की बॉल सोडताना कोपर, मनगट आणि बॉल समोरून एका उभ्या ओळीत आहेत का. वर येताना कोपर थोडं बाहेरून आलं तरी सोडून द्या.

बॉल डोक्याच्या मागे नेऊ नका. मागून पुढे येताना तो गोफणीसारखा फेकला जातो, सपाट जातो आणि रिंगच्या मागच्या कडेवर आदळतो. ताकद कमी असलेल्या लहान पोरांनी बॉल कपाळाऐवजी नाकासमोरून सोडला तरी चालेल. खांदे भरले की तो वर जाईल.

बॉल घेतल्यावर तो थोडा खाली, पोटाकडे झुकवून वर नेण्याला काही प्रशिक्षक हरकत घेतात. घेऊ द्या. पायांशी ताल जुळायला तो झोका उपयोगी पडतो. गुडघ्यापर्यंत मात्र नेऊ नका.

सराव: रिंगसमोर एक मीटरवर उभे राहा आणि फक्त उजव्या हातानं शॉट मारा. डावा हात पाठीमागे. उडी नाही. रोज २५. कंटाळा येईल. मला स्वतःला तो इतका आला होता की मी दोन दिवसांत सोडून दिलं, आणि महिन्याभरानं पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागली.

> तपासणी: २५ पैकी २० आत, आणि चुकलेले पाचही सरळ रेषेतच चुकलेले. तोवर डावा हात पुन्हा लावायचा नाही.

## टप्पा ४: पाय आणि हात यांची वेळ

पोटऱ्या आणि मांड्या मजबूत आहेत, उडी भरपूर आहे, तरी शॉट आखूड. असं असेल तर जोर निर्माण होतो आहे, पण बॉलपर्यंत पोचत नाही. हवेत जाऊन थांबायचं आणि मग हातांनी फेकायचं, असं करणारे खेळाडू टीव्हीवर दिसतात. त्यांचे खांदे मोठ्या माणसाचे असतात. तुम्ही उडीच्या टोकावर थांबलात की पायांचा जोर विरून गेलेला असतो.

बॉल आणि गुडघे एकाच वेळी वर निघाले पाहिजेत. गुडघे सरळ होतात तेव्हा बॉल छातीवरून कपाळाकडे चाललेला असतो, आणि उडीच्या टोकाच्या थोडं आधी तो हातातून सुटतो. मध्ये कुठेही अडखळणं नाही.

हे बसवायला आधी उडी काढून टाका. दोन मीटरवर उभे राहा, गुडघे वाकवा, वर येता येता चवड्यांवर उठा आणि बॉल सोडा. तोंडानं "खाली-वर" म्हणा; "खाली... आणि... वर" असं निघत असेल तर मध्ये खंड पडतोय. हे जमलं की उडी घाला, तीही बोटभरच. फ्री थ्रो लाइनच्या आतून उंच उडायची गरज नसते. उंच उडी म्हणजे चांगला जम्प शॉट, हा समज डोक्यातून काढा.

> तपासणी: बाजूच्या व्हिडिओत पायाची बोटं जमीन सोडतात तो क्षण थांबवा. बॉल कुठे आहे? कपाळाच्या आसपास असेल तर ठीक. अजून छातीशी असेल तर हात उशिरा निघताहेत.

## टप्पा ५: सोडणं आणि कमान

थोडं गणित करू, कारण "वरून मार" म्हणून कोणाला पटत नाही. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, ७ नंबरच्या बॉलचा साधारण २४. बॉल सरळ वरून पडला तर पूर्ण ४५ ची जागा मिळते. ४५ अंशांत आला तर त्याच्या दृष्टीनं रिंग सुमारे ३२ सेंटीमीटरची होते. ३० अंशांत आला तर साडेबावीसची, म्हणजे बॉलपेक्षाही लहान. रिंगला न लागता तो आत जाऊच शकत नाही. म्हणूनच सपाट शॉट खडखड करत बाहेर येतो आणि खेळाडू नशिबाला दोष देतो.

कमान वाढवायला जोरात मारू नका. बॉल सुटल्यावर कोपर भुवईच्या वर पोचलेलं असलं की कमान आपोआप चढते. साधारण ५० ते ५५ अंशांत सोडणं बहुतेकांना सोयीचं पडतं. बुटक्या गार्डला थोडं जास्त लागतं.

शेवटी बॉलला तर्जनी आणि मधलं बोट शिवतं. मनगट सैल पडतं, बोटं रिंगकडे वाकतात. फिरकी मागच्या दिशेनं आणि सरळ हवी. फ्री थ्रोमध्ये बॉल रिंगपर्यंत जाताना अंदाजे तीन वेळा फिरतो. बॉलभोवती रंगीत टेपचा एक पट्टा चिकटवा. हवेत पट्टा स्थिर रेघेसारखा दिसला तर फिरकी स्वच्छ आहे. डगमगताना दिसला तर डाव्या हाताचा अंगठा तपासा, गुन्हेगार बहुधा तोच असतो.

नजर एकाच जागी: रिंगची पुढची कड किंवा मागची, तुम्ही ठरवाल ती. रोज बदलू नका. बॉल सुटल्यावर त्याच्यामागे वर बघायची सवय असेल तर ती मोडा, डोकं मागे जातं आणि अंगही.

> सावधान: फॉलो थ्रू धरायचा म्हणजे हात ताठ करून फोटोसाठी उभं राहायचं नाही. बॉल रिंगला लागेपर्यंत हात जिथे आहे तिथे सैल राहू द्या. लगेच खाली ओढला जात असेल तर तुम्ही बॉल सोडत नाही, झटकत आहात.

## टप्पा ६: मागे सरकणं

एक मीटर, दोन, तीन, मग फ्री थ्रो लाइन (रिंगच्या मध्यापासून सुमारे ४.२ मीटर). प्रत्येक जागी दहा-दहाचे दोन डाव. दोन्हीत किमान सात आत गेले आणि बाजूला एकही चुकला नाही, तरच मागे सरका. दोन शॉट एकाच बाजूला गेले की एक पाऊल पुढे या. अपमान वाटून घेऊ नका.

थ्री पॉइंट लाइन ६.७५ मीटरवर आहे. फ्री थ्रो लाइनवर पद्धत टिकली म्हणून तिथेही टिकेल असं नाही. मधल्या प्रत्येक पावलावर थांबा. ज्या पावलावर बॉल पुन्हा कमरेपासून निघायला लागतो, ती तुमची आजची हद्द. त्याच्यापलीकडचा सराव म्हणजे जुन्या चुकीचा सराव.

दिवसाला १५० ते २०० शॉट पुरे, तेही धावण्याच्या सरावाआधी, पाय ताजे असताना.

## टप्पा ७: ड्रिबलमधून (बॉल आपटत पळताना)

फॉरवर्डला (रिंगच्या जवळ खेळणाऱ्याला) उभं राहून मिळालेल्या पासवर बरंच निभावता येतं. गार्डचे निम्मे शॉट ड्रिबलमधून येतात, आणि जागच्या जागी सुंदर मारणारा गार्ड इथे पुन्हा पहिल्यासारखा मारायला लागतो. कारण शॉटच्या आधीचं थांबणं त्यानं कधी शिकलेलंच नसतं.

आधी ब्रेक. शेवटचं पाऊल जरा लांब, टाच आधी टेकते, कमर खाली जाते. पुढे चाललेलं अंग इथे थांबून वर वळतं. हे पाऊल आखूड पडलं की तुम्ही हवेत पुढे किंवा बाजूला वाहत जाता.

मग पावलांचा क्रम. उजवीकडे जात असाल तर आधी डावा पाय, मग उजवा. डावीकडे जात असाल तर आधी उजवा, मग डावा. म्हणजे रिंगच्या बाजूचा पाय आधी टेकतो आणि अंग त्याच्यावर फिरून रिंगकडे येतं. दोन्ही पायांवर एकदम उतरणंही चालतं. पण दोन्ही पद्धती एकदम शिकायला घेऊ नका.

शेवटचा ड्रिबल जोरात आपटा, इतका की बॉल स्वतःहून पोटापर्यंत वर येईल. हळू ड्रिबलला बॉल उचलायला वाकावं लागतं आणि तिथून तो कमरेला वळसा घालून वर येतो. टप्पा ३ मध्ये पुसलेली तिरकी रेघ परत उमटते. उजव्या हाताच्या गार्डला डावीकडे जाऊन मारणं बहुधा सोपं पडतं. उजवीकडे जाताना बॉल अंगाबाहेर राहतो आणि खांदा उघडा पडतो. म्हणून उजवीकडचा सराव दुप्पट.

क्रम असा ठेवा: चालत एक ड्रिबल आणि शॉट, तीन मीटरवरून. नंतर अर्ध्या वेगानं दोन ड्रिबल. नंतर पूर्ण वेगानं. सगळ्यात शेवटी क्रॉसओव्हर (ड्रिबल एका हातातून दुसऱ्या हातात) किंवा स्क्रीनभोवतून (वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याला वळसा घालून). वेग वाढला की अंतर कमी करा, दोन्ही एकदम वाढवू नका.

> तपासणी: उतरताना कुठे उतरलात? टप्पा १ ची तीच कसोटी, आता वेगात. हातभर बाजूला उतरत असाल तर ब्रेकवर परत जा.

## टप्पा ८: सामन्यात

सरावाच्या शेवटी दहा फ्री थ्रो, प्रत्येक दोनानंतर कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून. मित्राला मुद्दाम वाकडेतिकडे पास द्यायला सांगा, कारण सामन्यात पोटासमोर नेमका पास क्वचितच मिळतो. हात पुढे करून धावणारा डिफेंडरही हवा. त्याच्यामुळे बॉल सोडायची घाई होते आणि दोष बाहेर पडतात.

प्रत्यक्ष सामन्यात पद्धतीचा विचार करायचा नाही. एक शब्द मनाशी धरा, "पाय" किंवा "वर", बस. आणि कडेला बसलेल्यांना विनंती: चालू सामन्यात कोपर, मनगट, अंगठा काही ओरडू नका. शॉट घ्यायला हवा होता की नको, एवढंच सांगा. बाकीचं उद्याच्या सरावाला.

चार आठवड्यांनी तेच ३० शॉट, त्याच जागांवरून, कॅमेरा त्याच उंचीवर ठेवून मारा आणि वहीतली दोन पानं शेजारी ठेवा. "डावा" आणि "उजवा" हे शब्द जवळजवळ गेले असतील आणि फक्त आखूड-लांब उरले असतील, तर पद्धतीला हात लावणं थांबवा. आता फक्त शॉट मारत राहायचे. बाजूच्या चुका तशाच असतील तर टप्पा २ वर या आणि डावा हात काढून बघा.